एक रुपयाचं काम नाही

आबांना ‘गाडी कशी आहे?’ असं विचारू नये. तब्येतीचं विचारलं तर ते ‘बरी आहे’ म्हणून मोकळे होतात. मधुमेह, गुडघे आणि मोतीबिंदू या तिघांना मिळून दोन शब्द. गाडीचं विचारलं की मात्र हातातली पिशवी खाली ठेवतात. पिशवी खाली टेकली की समजावं, आता डावीकडच्या लोअर आर्मच्या बुशापासून सुरुवात होणार आणि सायलेन्सरच्या शेवटच्या क्लॅम्पपर्यंत आपली सुटका नाही.

आबा आमच्या कोल्हापुरात राहतात, पण हा प्राणी फक्त कोल्हापुरात सापडतो असं नाही. सांगलीत विश्रामबागेत एक आहे, साताऱ्यात सदरबझारात एक आहे, पुण्यात तर प्रत्येक जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेटखाली वाकलेला दिसतो. सरकारी खात्यातून निवृत्त, पेन्शन वेळच्या वेळी, मुलगा हिंजवडीत, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी टेस्टर. गाडी बहुधा मारुती आठशे. आमच्या आबांची १९९७ सालची आहे. रंग पांढरा. चारही दरवाजे पांढरे, फक्त चार वेगवेगळ्या साली रंगवलेले. उन्हात उभी केली की पांढऱ्यालाही किती छटा असतात ते कळतं.

ही गाडी आबांनी घेतली २०१९च्या पुरानंतरच्या दिवाळीत. त्या वर्षी पंचगंगेनं निम्म्या कोल्हापूरच्या गाड्या बुडवल्या होत्या आणि धुऊन-पुसून, सेंट मारून त्यातल्या कितीतरी बाजारात येऊन उभ्या होत्या. आबा त्यामुळं पूर्ण तयारीनं गेले. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, कारण वरचा पट्टा कुणीही धुतो, आत गुंडाळलेल्या टोकाला चिखलाची रेघ राहतेच. मॅटखाली नाक घालून वास घेतला. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का ते बॅटरी मारून पाहिलं. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून ते सगळ्या पत्र्यावरून फिरवलं; जिथं चिकटलं नाही तिथं खाली लांबी भरलेली. मागच्या डाव्या दरवाज्यावर ते सरळ जमिनीवर पडलं. ऑइलचं झाकण उघडून आत दुधासारखी साय जमली आहे का तेही पाहिलं, कारण साय दिसली की पाणी ऑइलात उतरतंय आणि हेड गॅस्केट गेलेलं आहे.

एजंट हे सगळं शांतपणे बघत होता. शेवटी म्हणाला, “आबा, डॉक्टरांनी वापरलेली गाडी हाय. सिंगल हँड. कायम शेडमध्ये. पेपर क्लिअर. पेट्रोल घाला आणि पळवा, एक रुपयाचं काम नाही.”

आता पश्चिम महाराष्ट्रात विकायला येणारी प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांनीच वापरलेली असते. इतक्या गाड्या वापरून ही मंडळी पेशंट कधी तपासत होती, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आबांनीही विचारला नाही. पंचावन्नला सुरू झालेला सौदा चहाच्या दुसऱ्या कपाला ४० हजारांवर तुटला. एजंटचं वाक्य मात्र शब्दशः खरं निघालं. एक रुपयात होईल असं एकही काम त्या गाडीत नव्हतं.

पहिल्या महिन्यात क्लच प्लेट, दुसऱ्यात रेडिएटर, तिसऱ्यात सेल्फ. सेल्फचं काम केलं नाही, कारण इलाज सापडला: सोलेनॉइडवर पान्यानं टक्क करून मारलं की सेल्फ फिरतो. तेव्हापासून काकूंच्या पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी बारा-तेराचा पाना असतो. आबा आत बसून चावी फिरवतात आणि काकू जरीकाठी साडीत, लग्नाच्या हॉलसमोर, बॉनेट उघडून पाना मारतात. एवढ्या वर्षांत त्यांचा नेम इतका बसलाय की दुसरा ठोका लागत नाही.

गाडी चालू करण्याचा पूर्ण विधी आबांखेरीज कुणाला जमत नाही. ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, तिसऱ्यांदा दाबला की पेट्रोल जास्त होऊन प्लग ओले होतात. चोक पाऊण ओढायचा. पावसाळ्यात पूर्ण, पण मग डिस्ट्रिब्युटरची टोपी आधी कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायची. इंजिन धरलं की चोक एकदम आत ढकलायचा नाही, त्याला सवडीनं जाऊ द्यायचं. सरकारनं १ एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना चोरी टाळण्यासाठी हाय सिक्युरिटीची पाटी सक्तीची केली, तेव्हा आबांना हसू आवरेना. ही गाडी चोरायची तर चोराला आधी आबांकडं आठवडाभर शिकवणी लावावी लागेल. तरीही पाटी बसवली. त्या गाडीवरची ती एकमेव वस्तू आहे जिचं वय नातवापेक्षा कमी आहे.

आबांचा खरा छंद गाडी चालवणं नाही, ऐकणं आहे. गाडीत टेप नाही. होता, तो आल्या आल्या काढून टाकला. गाडीत बोलायलाही परवानगी नाही. कुणी नात्यातलं मागं बसून जमिनीच्या वादाचं सांगत असतं, वाटणीपर्यंत गोष्ट येते, आणि आबा एकदम हात वर करून म्हणतात, “थांब! ऐकलंस?” सगळे ऐकतात. कुणालाच काही येत नाही ऐकू. आबांना येतं. पूर्ण वळण घेताना कट-कट-कट झालं तर ॲक्सलच्या टोकाचा जॉइंट. वरचं रबरी बूट फाटलंय आणि ग्रीस उडून आत धूळ गेलीय. खड्ड्यात धप्प झालं तर लोअर आर्मचा बुश. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ म्हणजे चाकाचं बेअरिंग, आणि ते कुठल्या बाजूचं हे ठरवायला आबा रिकाम्या रस्त्यावर गाडी डावी-उजवी झुलवतात. मागचा रिक्षावाला त्यांच्याविषयी भलताच निष्कर्ष काढून लांबून निघून जातो. सकाळी सुरू करताना चीऽऽ केलं तर फॅन बेल्ट. वरून येणारी बारीक टिकटिक टॅपेटची, आणि ती चांगली. “टॅपेट वाजतंय तोवर काळजी नाही,” आबा म्हणतात, “गप्प बसलं तर बघायला लागतं.”

धुराचंही तसंच. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा आणि सतत येणारा म्हणजे पाणी. आबांची निळा सोडते. दर आठवड्याला ऑइल थोडं खाली जातं, म्हणून दर शनिवारी वर घालावं लागतं. शनिवारी मारुतीला तेल. काकू म्हणतात, देवळातल्याला तरी पळीभर पुरतं.

आबांचं तीर्थक्षेत्र म्हणजे उद्यमनगर. जिथं ऑइल इंजिनाचे सुटे भाग, पंप आणि ओतकामाच्या जोरावर अख्ख्या शहरानं संसार केले, त्या गल्ल्यांत जुनी गाडी घेऊन शिरलेला माणूस रिकाम्या हातानं परत येत नाही. कंपनीनं आठशे बनवणं १८ जानेवारी २०१४ला थांबवलं, आता अमुक भाग येत नाही, असं दुकानदार सांगतो. आबा तो मोडका भाग घेऊन लेथवाल्याकडं जातात. तो भाग हातात फिरवतो, व्हर्नियर लावतो, ‘उद्या या’ म्हणतो. उद्या तो भाग तयार असतो, मूळच्यापेक्षा जाड आणि वजनाला दुप्पट. दुकानातही आबांची एक खास मागणी असते. दुकानदार विचारतो, “जेन्युइन देऊ का लोकल?” आबा म्हणतात, “जेन्युइनसारखा लोकल दे.” असा भाग खरोखरच एका वेगळ्या खोक्यात ठेवलेला असतो.

गॅरेजमध्ये गाडी टाकून घरी जाणं आबांच्या रक्तात नाही. “आबा, तुम्ही जावा घरी, झालं की फोन करतो,” असं मिस्त्री सांगतो. आबा ‘हो’ म्हणतात आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसतात. तिथून दिवसभर सूचना चालतात. “तो नट हातानं धर आधी, थ्रेड जातील.” मिस्त्री तीस वर्षं नटच आवळतोय, पण तो काही बोलत नाही, दुपारी डब्यातली भाकरी मात्र आबांना देतो. दोघांमध्ये शत्रुत्व आहे का मैत्री, हे ठरवणं कठीण. निघताना आबा काढलेला जुना भाग मागून घेतात, वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणतात. पलंगाखाली अशा पुड्या आहेत आणि प्रत्येकीवर तारीख: जळके प्लग, झिजलेली क्लच प्लेट, फुटकं थर्मोस्टॅट. टाकून का देत नाही? “टाकला तर भंगारातून फिरून परत माझ्याच गाडीत बसंल,” असं ते सांगतात. उद्यमनगर माहीत असलेला माणूस या शंकेला हसणार नाही.

आणि मग वही. लाल कापडी पाठीची, लांबट. डाव्या पानावर खर्च. उजव्या पानावर ‘वाचले’. समोरच्या साहेबांनी नवी गाडी घेतली, महिन्याला १२ हजारांचा हप्ता. आबांनी घेतली नाही, म्हणून उजव्या पानावर दर महिन्याला १२ हजार जमा. डाव्या पानावर कार्बोरेटरचं किट, मजुरी, वायसर मिळून चार हजार गेले, तरी आबा त्या महिन्यात आठ हजारांनी फायद्यात असतात. विमा थर्ड पार्टी, ७९६ सीसीची गाडी हजाराच्या आतल्या गटात बसते, म्हणजे मूळ हप्ता २,०९४ रुपये. साहेबांच्या विम्यातला फरक पुन्हा उजवीकडं जमा. घसाऱ्याचं तर विचारूच नका. “नवी गाडी शोरूमच्या फाटकातनं बाहेर आली की लाखभरानं पडते. माझी पडून पडून कुठं पडणार? तळाला बसलीय ती,” असं आबा अभिमानानं सांगतात. काकूंनी एकदा डाव्या पानांची बेरीज विचारली. आबा म्हणाले, बेरीज वर्षअखेरीला करायची असते. वर्षअखेरीला वहीत ‘पुढे चालू’ एवढंच लिहिलेलं असतं.

मला स्वतःला वाटतं की आबांना हिशोब उत्तम येतो आणि तो खोटा आहे हेही त्यांना चांगलं ठाऊक आहे. पण आपल्याकडं साठीच्या पुढच्या पुरुषानं एखाद्या वस्तूवर जीव आहे असं चारचौघांत म्हणायची सोय नाही. काटकसर करतो म्हटलं की चालतं, लोक मान डोलावतात. मग जीव लावायचा आणि तो काटकसरीच्या खात्यावर मांडायचा. एरवी ज्या माणसानं बायकोला लग्नाच्या वाढदिवसाला आजवर गजऱ्यापलीकडं काही आणलं नाही, तो १४ डिसेंबर ही तारीख लक्षात ठेवतो. १९८३ साली त्या दिवशी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गिऱ्हाइकाला आठशेची चावी मिळाली. त्या आधी गाडी म्हणजे ॲम्बॅसडर नाही तर फियाट, आणि दोन्हींसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. आठशेची किंमत पन्नास हजारांच्या आत होती. आबा तेव्हा सायकलवर ऑफिसला जायचे आणि पन्नास हजार हा आकडा त्यांनी फक्त टेंडरच्या कागदावर पाहिला होता.

सरकार आणि आबा यांचं मात्र पटत नाही. १३ ऑगस्ट २०२१ला वाहन भंगार धोरण जाहीर झालं, तेव्हा आबांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि वर्तमानपत्र बॉनेटवर न ठेवता लांब कट्ट्यावर ठेवलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून ती वाढवून घ्यायची. याची फी ६०० रुपये होती ती १ एप्रिल २०२२पासून ५,००० झाली. आबांची मुदत ऑगस्टची. मार्चमध्येच अर्ज घेऊन गेले, तर खिडकीतून ‘अजून वेळ आहे, नंतर या’ एवढंच उत्तर मिळालं. नंतर गेले आणि वाढीव भरून आले. शिवाय पर्यावरण कर. पुढं वीस वर्षांवरच्या गाड्यांना ही फी १० हजार केली, ते वाचल्यावर आबा दोन दिवस वहीला शिवले नाहीत. पीयूसी दर सहा महिन्यांनी. पीयूसीच्या आदल्या दिवशी महामार्गावर टोपपर्यंत गाडी जोरात पळवून आणतात, म्हणजे सायलेन्सरमधली काजळी उडते आणि आकडे नीट येतात.

आता नवीन संकट म्हणजे इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि आबांच्या इंधनाच्या नळ्या मऊ पडायला लागल्या. जुन्या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी बनवलेलंच नाही. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळं महिनाभर उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये काय काय साचतं ते आबांकडून ऐकावं. पण आबांना मनापासून शिव्याही देता येत नाहीत, कारण करवीर तालुक्यात त्यांचा दीड एकर ऊस आहे. ऊस कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं, ते तेल कंपनीकडं जातं आणि शेवटी पंपावरून आबांच्याच टाकीत येऊन आबांच्याच नळ्या खातं. “बिल दोन महिने लेट येतं,” आबा म्हणतात, “इथेनॉल तेवढं टायमात येतं.”

वर्षातून एकदा आबा कोकणात जातात. वैभववाडीला काकूंचं माहेर. जाताना करूळ घाट उतारच, तक्रार नाही. येताना मे महिन्यात तोच घाट चढायचा असतो. गाडी एसीची आहे, म्हणजे एसीचं बटण आहे. निम्म्या घाटात काटा लाल रेघेकडं सरकला की आबा हीटर पूर्ण सोडतात. हे शास्त्र बरोबर आहे: हीटरही इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो, तो चालू केला की इंजिनाची तेवढी उष्णता आत येते. आत म्हणजे काकूंच्या पायावर. बाहेर चाळीसच्या आसपास ऊन, आत हीटर, मांडीवर आंब्याची पेटी, मागं दोन नातवंडं. अशा वेळी आबा मागं वळून सांगतात, “काटा खाली आला बघा!” कुणीही आनंद व्यक्त करत नाही. गगनबावड्याला पोचेपर्यंत पेटीतले निम्मे आंबे पिकलेले असतात.

मुलानं शेवटी हट्टच धरला आणि दिवाळीत आबांना नव्या गाडीच्या शोरूममध्ये नेलं. टाय लावलेल्या पोरानं स्क्रीन दाखवली, छत उघडून दाखवलं, मागचा कॅमेरा दाखवला. आबांनी पत्र्यावर बोटाची मागची बाजू वाजवून पाहिली आणि म्हणाले, “बॉनेट उघडा.” उघडलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण.

“इंजिन कुठंय?”

“सर, याच्या खाली आहे.”

“आवाज आला तर बघायचं कसं?”

“सर, आवाज येत नाही. आणि काही असेल तर ॲपवर मेसेज येतो.”

आबांनी त्या पोराकडं अतिशय कणवेनं पाहिलं. माहितीपत्रक घेतलं, चहा घेतला, आणि घरी आल्यावर ते माहितीपत्रक घडी करून आठशेच्या ड्रायव्हरबाजूच्या काचेत अडकवलं, कारण ती काच खडखडत होती.

तरी मुलाच्या समाधानासाठी गाडी विकायला काढली. आबांनी किंमत ठरवली ४० हजार, जितक्याला घेतली तितकीच. उद्देश हा की कुणी फिरकू नये. पण गारगोटीकडचा एक तरुण शेतकरी आला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ‘बरं, देतो चाळीस’ म्हणाला. आबा चमकले. सीटबेल्ट ओढला नाही, मॅट उचललं नाही, चुंबक नाही, घासाघीस नाही!

“अहो, असं कसं घेताय?” आबा त्याला जवळजवळ रागावलेच. “हिकडं या. हा दरवाजा बघा, नुसती लांबी भरलीय. वाजवून बघा. ऑइल खाती, शनिवारी घालायला लागतं. सेल्फला ठोका लागतो. उजवं बेअरिंग पावसाळ्यापर्यंत टिकंल, पुढचं सांगत नाही. हीटर चालतो, एसी चालत नाही.”

“असू दे की आबा,” तो म्हणाला. “आमचं दूध डेअरीपर्यंतच न्यायचंय. आवडली गाडी.”

“चोक किती ओढणार?”

“चोक?”

आबांनी चावी परत खिशात टाकली. “पंधरा दिवस सकाळी सातला येत जावा,” ते म्हणाले, “मग बघू. येताना फडकं घेऊन या.”